मागोमाग फिरणारी मांजरं



गेल्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाच्या फोनवर एका ताईंनी विचारलं, "मुलगी कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलीय आणि घरमालक कुत्रा ठेवू देत नाही. दुकानवाला म्हणतो, पर्शियन मांजर न्या, ते अगदी कुत्र्यासारखंच वागतं. पंधरा हजार सांगतोय. घेऊ का?" त्यानंतर तसेच आणखी तीन फोन आले. एकीचं मांजर आधीच आणून झालं होतं आणि ते दिवसभर सोफ्याखालून बाहेर येत नव्हतं.

म्हणून या वेळी आम्ही चौघींनी ठरवलं, मांजरावरच बोलायचं. आमच्यात एकीच्या घरी तेलुगू बोलतात, ती मांजराला पिल्ली म्हणते. दुसरी अक्कलकोटकडची, ती म्हणते बेक्कू. तिसरीची बिल्ली आणि चौथीची मनीमाऊ. नाव कुठलंही घ्या, मांजर आपल्याला हवं तेव्हाच येतं, यावर मात्र चौघींचं एकमत होतं. तेही पुढं थोडं बदललं.

आधी 'कुत्र्यासारखं' म्हणजे काय ते बघू. घरात आपण जाऊ तिथं मागोमाग येणं, नावानं हाक मारली की येणं, फेकलेली वस्तू उचलून परत आणून देणं, संध्याकाळी दारात वाट बघणं, पाहुणे आले तरी पळून न जाणं. असं सगळं करणारी मांजरं असतात. काही जातींची त्यासाठी ख्यातीही आहे. पण पर्शियनची नाही.

पर्शियन हे शांत, बसकं मांजर. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठानं २०१९ साली ५,७२६ मांजरांच्या मालकांना प्रश्न विचारून जातीजातींचे स्वभाव तपासले. त्यात माणसाशी कमीत कमी लगट करणाऱ्यांमध्ये पर्शियन आणि तिच्यासारखीच चपट्या तोंडाची, पण आखूड केसांची एक्झॉटिक ही जात वरच्या बाजूला निघाली. म्हणजे ज्या गुणासाठी दुकानात पैसे मोजायला सांगतात, नेमका तोच गुण तिच्यात कमी. स्वभावानं ती वाईट नाही हो. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत, गार जागी, गुपचूप बसणारी सोबत हवी असेल तर छानच. पण चेंडू फेकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी ती नव्हे.

आणि आपलं सोलापूर! मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, कधी ४३-४४ ला टेकतो. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या तळव्यांना. अंग चाटून ओलं करायचं आणि सावली शोधायची, एवढंच त्याच्या हातात. पर्शियनचे केस दाट आणि नाक आत दबलेलं. त्या आखूड नाकातून श्वास घेतानाच तिची दमछाक होते, डोळ्यांतून सारखं पाणी येतं, रोज विंचरलं नाही तर केसांचे गठ्ठे होतात आणि खालची कातडी सोलवटते. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आहे. तो आई किंवा बाप एकाकडून जरी आला तरी पिल्लाला होऊ शकतो. विकणाऱ्याला एवढं विचारा, की आईबापाची ही तपासणी केलीय का. बहुतेक ठिकाणी तो तुमच्याकडं नुसताच बघत राहील.

मग खरोखर कुत्र्यासारख्या म्हणतात त्या जाती कुठल्या? सयामी हे त्यातलं पहिलं नाव. सयाम म्हणजे आजचं थायलंड. हे मांजर अखंड बोलतं, भांडतं, पदर धरून मागं लागतं. त्याचं तोंड, कान, शेपूट, पाय काळे आणि बाकी अंग फिकट असतं. केसांचा काळा रंग अंगाच्या थंड भागातच उतरतो, म्हणून उष्ण गावात वाढलेलं सयामी थोडं गोरंच राहतं. आपल्याकडं माणसं उन्हानं काळवंडतात, याचं उलटं. दुसरं अ‍ॅबिसिनियन. घरभर नाचणारं, उंच फळीवर चढून आपल्या कामावर देखरेख करणारं. फिनलंडच्या त्या पाहणीत सगळ्यात चळवळ्या जातींत ते होतं आणि अनोळखी माणसाला कमी बुजणाऱ्यांतही. तिसरं अमेरिकेतलं मेन कून, आकारानं दांडगं, बोका आठ किलोपर्यंत भरतो. त्याला तर मांजरांतला कुत्राच म्हणतात. पण ते मेन नावाच्या बर्फाळ राज्यातलं, अंगावर जणू घोंगडीच. आपल्या उन्हात त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

चौथं बेंगाल, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेलं. रानातली बिबटमांजर आणि घरातलं मांजर यांच्या संकरातून अमेरिकेत ही जात तयार केली. इथं थोडं थांबून गावाकडच्या मैत्रिणींना एक सांगायचंय. ऊसतोडीच्या वेळी फडात ठिपक्याठिपक्यांची पिल्लं सापडतात. 'भारी जातीची' म्हणून ती कुणी घरी आणतं, कुणी विकायला बघतं. ती बऱ्याचदा वाघाटीची पिल्लं असतात. वाघाटी हे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेलं जनावर दीड किलोच्या आसपास. ते पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि ते माणसाळतही नाही. आई जवळच लपलेली असते, रात्री येऊन एकेक पिल्लू घेऊन जाते. राज्यात ऊसपट्ट्यात वनखात्याच्या लोकांनी अशी कितीतरी पिल्लं आईकडं परत पोचवली आहेत. पिल्लं उचलू नका, तेवढा कोपरा तोडायचा ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

तर जाती आहेत, त्यांचे स्वभावही थोडेफार ठरलेले आहेत. पण 'थोडेफार' हा शब्द लक्षात ठेवा. कुत्रा माणसाकडं आला त्याला पंधरा हजार वर्षं तरी झाली आणि माणसानं त्याला कामं नेमून दिली. हा मेंढरं वळणार, हा राखण करणार, हा शिकारीला येणार. जो काम नीट करेल त्याची पिल्लं ठेवली. म्हणून कुत्र्याच्या जातीवरून स्वभावाचा बराच अंदाज बांधता येतो. मांजर नंतर आलं, धान्याच्या साठ्यावर उंदीर आले म्हणून त्यांच्या मागोमाग, मध्यपूर्वेच्या बाजूला. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलंय. त्याला काम एकच होतं आणि ते कुणी शिकवावं लागत नव्हतं. मांजरांच्या जाती पाडायचा नाद माणसाला अगदी अलीकडं लागला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं ते १८७१ साली. तिथून पुढं केस लांब हवेत, नाक चपटं हवं, डोळे निळे हवेत, हे बघून जोड्या लावल्या गेल्या. स्वभाव कुणी फारसा बघितला नाही. म्हणून मांजराच्या जातीचा कागद तुम्हाला केसांबद्दल खूप सांगतो आणि मनाबद्दल थोडं.

याचा एक पुरावा आम्हाला फार आवडला. २०२३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी फेकलेली वस्तू आणून देणाऱ्या १,१५४ मांजरांची माहिती गोळा केली. त्यातल्या शंभरातल्या चौऱ्याण्णव मांजरांना हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. आणि बहुतेक मांजरं कुठल्याच उंची जातीची नव्हती, साधीच. खेळ सुरू कधी करायचा आणि थांबवायचा कधी, तेही बहुतेक ठिकाणी मांजरच ठरवत होतं. हा एवढा फरक राहतोच बघा.

इंग्लंड कशाला, पूर्व भागात चला. आम्ही तिथल्या मागवाल्यांच्या घरी मुद्दाम हिंडलो. सुताला खळ लावलेली असते, खळीच्या वासानं उंदीर येतात आणि एका रात्रीत सूत कुरतडून ठेवतात. म्हणून मागाच्या घरी मांजर हे असतंच, कुणी हौसेनं पाळलेलं नसतं. अशा एका घरी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची भाटी आहे. घरातली सून कांड्या भरत असते. रिकामी कांडी हातातून निसटून गडगडत गेली की ही धावते, तोंडात धरून आणते आणि सुनेच्या पायाशी टाकते. मग बसून वाट बघते. सून म्हणाली, "आता कामाच्या वेळी मुद्दाम पाडायला लावते." एवढ्या खडखडाटात मागाच्या पट्ट्याखालून ती बिनधास्त जाते आणि आम्हा अनोळखी बायकांच्या चपलांचा वास घेऊन मांडीवर येऊन बसली.

दुसरं घर विडी वळणाऱ्या मावशींचं. सकाळी पान-तंबाखू आणायला त्या कारखान्यात जातात, तेव्हा त्यांचा बोका गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला येतो आणि परतताना तिथंच बसलेला असतो. आम्ही विचारलं, तुम्ही याला काय शिकवलंत? त्या हसल्या. "आम्हालाच कोण शिकवलं नाही, याला काय शिकवू? मी दिवसभर बसलेली, हा दिवसभर बसलेला."

आम्हाला वाटतं, गोम इथंच आहे. विडी वळणारी बाई सुपावर मान घालून सहा-आठ तास एका जागी बसते. मांजराला दिवसभर माणसाचा आवाज, वास, ऊब मिळते. ते उठतं तेव्हा ती दिसते, झोपतं तेव्हाही दिसते. असं मांजर माणसाच्या मागं मागं फिरायला लागलं तर नवल काय? उलट पंधरा हजारांचं पिल्लू आणायचं आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात फ्लॅटला कुलूप घालून सगळ्यांनी जायचं, मग ते सोफ्याखाली जाणारच.

याला शास्त्राचाही आधार आहे. पिल्लाच्या आयुष्यातला दुसरा ते सातवा आठवडा हा माणसाची ओळख होण्याचा काळ. या दिवसांत रोज अर्धा-पाऊण तास तीन-चार वेगवेगळ्या माणसांनी त्याला हातात घेतलं, आजोबांनी, पोरांनी, शेजारणीनं, तर ते जन्मभर माणसाला बुजत नाही. हा काळ कोरडा गेला तर पुढं कितीही दूध पाजा, ते लांबूनच बघणार. दुसरी गोष्ट बापाची. बोका पिल्लांचं तोंडही बघत नाही, तरी धीट बोक्याची पिल्लं धीट निघतात, असं संशोधकांना आढळलंय. म्हणून पिल्लू घ्यायचं तर आईजवळ असतानाच बघून ठेवा. घरात, माणसांच्या पायांत वाढतंय का? आई माणसाजवळ येते का? गल्लीतला कुठला बोका बाप असेल, तो माणसाला बघून पळतो की शेपूट उभी करून येतो? आठ आठवड्यांच्या आत मात्र आईपासून तोडू नका, बारा झाले तर आणखी चांगलं. फोनवाल्या ताईंना आम्ही हेच सांगितलं. त्यांच्याच वाड्यामागच्या घरी पिल्लं झालेली आहेत, मुलीला रोज शाळेनंतर तिथं जाऊन बसू दे.

आपल्याकडं म्हणतात, कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला. यात अर्धंच खरं आहे. मांजराला जागेची ओढ जबर असते हे बरोबर. पण अमेरिकेत ओरेगॉनमध्ये २०१९ साली पिल्लांना मालकापासून दोन मिनिटं दूर ठेवून मालक परत आल्यावर ती कशी वागतात ते बघितलं. शंभरातली चौसष्टच्या आसपास पिल्लं मालक दिसताच निवांत झाली, त्याला भेटून पुन्हा खेळायला लागली. माणसांच्या तान्ह्या बाळांतही प्रमाण जवळपास तेवढंच येतं. तेव्हा पोत्यात घालून मांजराला लांब सोडून येताना 'त्याला काय, कुठंही राहील' असं जे आपण मनाला समजावतो, त्याला काही अर्थ नाही.

आणि मांजर सोडून यायचं एक कारण आम्ही घरोघर ऐकतो. सून गरोदर आहे. भीती अगदीच खोटी नाही. मांजराच्या विष्ठेतून एक जंतू पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकतो. पण विष्ठा पडल्यावर निदान एक दिवस गेल्याशिवाय तो लागण करण्याजोगा होत नाही. म्हणून घाण रोजच्या रोज काढायची आणि ती गरोदर बाईनं नव्हे, दुसऱ्या कुणी काढायची. हाच जंतू कच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. तेव्हा मटण नीट शिजवा, भाजी धुवा, मातीत काम केलं की हात धुवा आणि डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा. मांजराला पोत्यात घालायची गरज नाही. सुनेच्या निमित्तानं नवऱ्याला घाण काढायची सवय लागली तर ते आणखी बरं.

कुत्र्याची सवय असलेल्या घरात मांजराची भाषा चुकते, तेही सांगून टाकतो. कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा खूश असतो. मांजर शेपूट आपटतं तेव्हा वैतागलेलं असतं, हात मागं घ्या. मांजराची खुशी म्हणजे शेपूट काठीसारखी उभी, पिल्लू आईकडं जाताना करतं तशी. कुत्रा पोट दाखवतो ते खाजवायला. मांजर पोट दाखवतं ते 'मला तुझी भीती नाही' एवढंच सांगायला, तिथं हात घातला की ओरखडा बसतो आणि मुलं म्हणतात, मांजर लबाड. कुत्र्याला रागावलं तर तो ऐकतो, मांजर रागावणाऱ्यापासून लांब राहायला शिकतं, बस. शिकवायचं असेल तर जेवणाआधी, भूक असताना, दोन-तीन मिनिटं. नावानं हाक मारा, आलं की सुकटीचा एक तुकडा द्या. ते कंटाळायच्या आत आपण थांबा. डोळ्यांत रोखून बघू नका, हळूच डोळे मिटून उघडा. मांजरांत ती जवळिकीची खूण आहे, आणि माणसानं केली तरी त्यांना कळते.

आता काळजीचं. कुत्र्यासारखं वागलं तरी मांजर आतून कुत्रा नव्हे, आणि या घोटाळ्यात मांजरं मरतात. कुत्रा भाकरी-आमटीवर बरेच दिवस काढतो. मांजराला मांस-मासळीतच मिळणारं टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते नसेल तर नजर जाते आणि हृदय कमजोर होतं. हे १९७० आणि ८० च्या दशकांत सिद्ध झालंय. बाहेर हिंडणारं मांजर उंदरावर आपली सोय करून घेतं. पण घर शाकाहारी आणि मांजर फ्लॅटमध्ये बंद, तर दूध-चपातीवर त्याची उपासमारच होते. तिथं मांजराचंच तयार खाद्य आणा, कुत्र्याचं नको. पिसवांसाठी कुत्र्याच्या अंगावर टाकायचं औषध तर मुळीच नको, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका, जीव जातो. विडीच्या घरात तंबाखूची भुकटी अंगाला लागते, मांजर अंग चाटतं आणि ती पोटात जाते. सुपाजवळ बसू द्या, सुपात नको, आणि संध्याकाळी ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्या. उन्हाळ्यात तोंड उघडं टाकून धापा टाकणारा कुत्रा ठीक असतो, धापा टाकणारं मांजर आजारी असतं. ओल्या कपड्यात घेऊन थेट डॉक्टरकडं.

रेबीजची लस मांजरालाही लागते, तीन महिन्यांचं झालं की पहिली आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी. चावलं किंवा ओरबाडलं तर हळद-चुना लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा.

शेवटचं खास आपल्या गावासाठी, कारण इथं घराघरात सूत आहे. मांजराच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात. धागा एकदा जिभेला लागला की त्याला तो थुंकता येत नाही, आत आतच जातो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं, दुसरं आतड्यात पुढं सरकतं, आणि परकराची नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात तशा आतड्याला पडतात. धागा मग आतडं कापत जातो. कांडीशी खेळू द्यायचं तर कांडी रिकामी हवी, सुताचं टोकही नको. खेळ झाला की कांड्या डब्यात. मांजर सारखं ओकत असेल, खात नसेल आणि तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबताना दिसला, तर कितीही मोह झाला तरी तो ओढू नका आणि कापूही नका. मांजराला पिशवीत घ्या, रिक्षा करा, आणि जनावरांच्या दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, की घरात सूत आहे.